होडी बांधायची तर आधी अळू लावा
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

तैवानच्या आग्नेयेला लान्यू नावाचं साधारण 45 चौरस किलोमीटरचं, तैवानच्याच ताब्यातलं बेट आहे. तिथल्या लोकांना ताओ किंवा यामी म्हणतात. त्यांच्या दक्षिणेला, फिलिपिन्सच्या बाटानेस बेटांवर इवातान राहतात. दोघांच्या भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळाच्या एकाच छोट्या फांदीवरच्या. गेल्या अंकात या बेटांची ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

ताओंच्या होडीत एकही खिळा नसतो म्हणे. मग ती लाटांत टिकते कशी? आणि फळ्यांची संख्या ठरलेली असते, ती का? (एक वाचक, मालवण)

लहान होडी म्हणजे तातला. तिच्यात एक ते तीन माणसं बसतात आणि तिला 21 फळ्या लागतात. मोठी होडी साधारण दहा वल्हेकऱ्यांची, तिला 27. हिशोब सोपा आहे. तळाच्या कण्याचे (आपल्याकडे ज्याला पठाण म्हणतात त्याचे) तीन तुकडे: पुढची नाळ (म्हणजे वर वळलेलं टोक), मधला भाग आणि मागची नाळ. त्यावर लहान होडीला दोन्ही कुशींना तीन-तीन थर चढतात आणि प्रत्येक थरात तीन फळ्या. मोठीला एक थर जास्त, म्हणून सहा फळ्या वाढतात.

फळी सरळ चिरून मग वाकवत नाहीत. झाड उभं असतानाच त्याचं वळण बघून ठरतं, की हे नाळेला जाईल आणि हे कुशीला. अशा झाडावर कुटुंबाची खूण असते आणि दुसरं कोणी त्याला हात लावत नाही. होडी रोज दगडगोट्यांवरून ओढली जाते, म्हणून तळाला जड आणि चिवट लाकूड घालतात. वरच्या थरांना नीरफणसासारखं हलकं. हे उलटं झालं तर होडीचं वजन वर जातं आणि आडव्या लाटेत ती लगेच कलंडते.

फळ्या काठाला काठ लावून तुतीच्या लाकडाच्या खुंट्यांनी जोडतात. खुंटी पूर्ण वाळलेली हवी, म्हणजे पाण्यात फुगून ती भोकात घट्ट बसते. ओली ठोकली तर पुढे आकसते आणि सांधा हलायला लागतो. समोरासमोरच्या काठांतली भोकं जरा जरी तिरकी पडली तरी ठोकताना फळी चिरते आणि मग त्या वळणाचं दुसरं झाड शोधण्यापासून सुरुवात. फटींत वनस्पतीचा कापसासारखा तंतू ठासतात. रंग तीनच: तांबड्या मातीचा लाल, भाजलेल्या शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा आणि काजळीचा काळा.

या सगळ्यात अवघड काम मात्र सुताराचं नाही. कोरीव होडी पाण्यात लोटण्याआधी ती अळूच्या कांद्यांनी पूर्ण झाकावी लागते आणि नंतर ते कांदे पाहुण्यांना वाटले जातात. एवढं अळू पाणथळ वाफ्यांत दोन-तीन वर्षं आधीपासून वाढवावं लागतं आणि ते काम मुख्यतः बायकांचं. म्हणजे होडी बांधायचा विचार मनात आला की पहिलं पाऊल रानात नाही, वाफ्यात पडतं. संग्रहालयाच्या मागणीवरून होडी करून घेतली, तर कोरीवकाम हुबेहूब उतरतं. पण वाफे ओस असतील तर जपलं गेलं ते फक्त लाकूड, असं आमचं स्पष्ट मत आहे. तरुण मंडळी कामासाठी तैवानच्या मुख्य बेटावर गेली की होडीच्या आधी हे वाफे पडीक होतात.

उडत्या माशांच्या हंगामातले ताओंचे नियम श्रद्धेचे की शास्त्राचे? (एक वाचक, अलिबाग)

ताओ स्वतः अशी वाटणी करत नाहीत. आपणही आधी नियम पाहू.

कुरोशिओ प्रवाहाबरोबर उडते मासे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि हंगाम जूनच्या सुमारास संपतो. सुरुवातीला मिवान्वा हा मासे बोलावण्याचा विधी होतो. पुरुष चांदीचे शिरस्त्राण घालून किनाऱ्यावर जमतात, कोंबडा किंवा डुक्कर बळी देतात आणि ते रक्त किनाऱ्यावरच्या गोट्यांना लावतात. पहिल्या टप्प्यात मोठ्या होड्यांनी रात्री मशालीच्या उजेडात उडते मासे धरायचे. त्यानंतर लहान होड्या दिवसा निघतात आणि उडत्या माशाचं आमिष लावून आरायो, म्हणजे माहीमाही हा मोठा मासा, गळाला लावतात. या काळात खडकाळ भागातले, प्रवाळातले मासे धरायचे नाहीत.

आपल्याकडची 1 जून ते 31 जुलैची बंदी यांत्रिक होड्याच थांबवते. इथे होड्या थांबत नाहीत, मासेमारी उघड्या समुद्राकडे वळते आणि काठचे मासे काही महिने मोकळे राहतात.

दुसरा नियम त्याहून बारीक आहे. मासा चिरून, मीठ लावून, मांडवावर वाळवतात. पण शरदातल्या पौर्णिमेच्या सुमारास खाणं संपवायचं, उरलेलं टाकून द्यायचं. त्यामुळे कुटुंबाला पुरेल त्याहून जास्त धरण्यात काही अर्थच राहत नाही. या व्यवस्थेला मोटरबोटीइतकाच धोका फ्रीझरचा आहे. मासा वर्षभर टिकवता आला की ‘पुरे’ कुठे म्हणायचं याचा ठोकताळा जातो. बाहेरून येणाऱ्या मोठ्या बोटींना तर हे नियम लागूच वाटत नाहीत.

जमिनीत खणलेली ताओंची घरं सरकारनं पाडली, हे खरं का? (एक वाचक, पुणे)

खरं. 1966 पासून ‘सुधारणा’ म्हणून जुनी घरं पाडून सिमेंटची बांधली गेली. जुनं घर उतारावर दीड-दोन मीटर खोल खड्ड्यात असे. भोवती दगडी भिंत आणि छप्पर जेमतेम जमिनीच्या वर, म्हणजे वादळाचा वारा डोक्यावरून निघून जाई. खरी करामत तळातल्या गटारात आहे. उतार बरोबर साधला तर मुसळधार पाऊसही वाहून जातो, गटार तुंबलं तर घराचं तळं होतं. म्हणून ते साफ ठेवणं ही रोजची कामगिरी.

नव्या घरांच्या काँक्रीटमध्ये समुद्राची वाळू वापरली गेली. पुढे काय झालं हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. मिठानं सळया गंजल्या, फुगल्या, स्लॅबचे पापुद्रे सुटले. जुन्या धाटणीची घरं आज मुख्यतः इवालिनो गावात दिसतात.

इवातान लोकांनी वादळाला वेगळं उत्तर काढलं: जमिनीवरच, जाडजूड दगड-चुन्याच्या भिंती आणि वर गवताचं भरघोस छप्पर. वाऱ्याला ते पुरून उरतं, भूकंपाला नाही. जुलै 2019 मध्ये इत्बायात बेटावरची अनेक दगडी घरं कोसळली. दुरुस्ती करताना जुनं रूप राखायचं की भिंतीत सळई घालायची, हा वाद त्यामुळे निव्वळ सौंदर्याचा उरत नाही.

महोत्सव भरवून अशा समाजांची नाती खरंच जुळतात का? (एक वाचक, नाशिक)

ओळख होते. पॅसिफिक कला महोत्सव 1972 मध्ये फिजीतल्या सुवाला सुरू झाला आणि 2024 मध्ये होनोलुलूत भरला. असे मेळावे हवेतच. पण नातं पक्कं होतं ते एकाला अडलेलं काम दुसऱ्यानं करून दिल्यावर.

होकुलेआ ही दुहेरी होडी हवाईत 1975 मध्ये पाण्यात उतरली, तेव्हा ताऱ्यांवरून ती ताहितीला नेईल असा माणूस हवाईत उरला नव्हता. 1976 मध्ये ते काम मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाच्या माऊ पियाइलुग यांनी केलं आणि पुढे ही विद्या हवाईच्या तरुणांना शिकवली. 2007 मध्ये सातावालवर त्यांनी हवाईच्या नाविकांना विधिवत दीक्षा दिली. विद्येचा एक धागा असा: स्वाती तारा हवाईच्या जवळपास थेट माथ्यावरून जातो आणि व्याध ताहितीच्या. माथ्यावरचा तारा एक अंशानं चुकला तर उत्तर-दक्षिण अंतर सुमारे 111 किलोमीटरनं चुकतं, आणि हलत्या डेकवरून एक अंश चुकणं काहीच नाही. म्हणून एकाच ताऱ्यावर विसंबत नाहीत. एकाच वेळी उगवणाऱ्या किंवा मावळणाऱ्या जोड्या, लाटांची दिशा आणि पक्षी, सगळ्यांचा मेळ घालतात.

ताओ आणि इवातान यांना अशी संधी घरातच आहे. बाटानेसच्या माहाताओ भागातले मच्छीमारही हंगामाच्या सुरुवातीला किनाऱ्यावर बळी देऊन विधी करतात, उडते मासे धरतात आणि तेच आमिष लावून आरायु पकडतात. माशाचं नावसुद्धा जवळजवळ तेच. लान्यूपासून बाटानेसचं सगळ्यात उत्तरेचं बेट साधारण 100 किलोमीटरवर, पण मध्ये देशाची सीमा असल्यामुळे विमानानं मनिला-तैपेई असा वळसा पडतो. भेट ठरवणाऱ्यांनी ऐन हंगाम टाळावा, कारण तेव्हा परक्यांवर बंधनं असतात. हंगामाआधी, डागडुजीच्या वेळी जावं. दोन्हीकडच्या सुतारांना एका होडीवर बसवावं आणि म्हाताऱ्यांना दुभाष्याविना बोलू द्यावं. तरुण मंडळी चिनी आणि इंग्रजीत अडकतात, पण मासे, अंक, शरीराचे अवयव यांवर म्हाताऱ्यांचं गाडं बऱ्यापैकी पुढे सरकतं. ध्वनिमुद्रणाच्या प्रती दोन्ही बेटांवर ठेवाव्यात, फक्त राजधानीत नाही.

आमच्या रापणीच्या होडीला उलांडी असते. मग आपलंही काही नातं? आणि मेळघाटातली कोरकू भाषा याच कुळातली का? (एक वाचक, रत्नागिरी)

होडीच्या बाजूला पाण्यावर तरंगणारा ओंडका, म्हणजे उलांडी, कोकणाखेरीज श्रीलंका, मालदीव आणि मादागास्करलाही दिसते. मादागास्करची भाषा बोर्निओतल्या भाषांची सख्खी बहीण, म्हणजे ऑस्ट्रोनेशियन दर्यावर्दी हिंदी महासागर ओलांडून गेले यात शंका नाही. उलांडी त्यांच्याकडून आली असं अनेक अभ्यासक मानतात. पण जोडणीची रीत घेतली म्हणून रक्त आणि भाषा येत नाही. गंमत म्हणजे ताओंच्या तातलाला उलांडी नसतेच.

कोरकू ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली, मुंडा शाखेची. निकोबारी भाषाही त्याच कुळातल्या. नावं सारखी वाटली तरी कुळं वेगळी.

लान्यूला जायचं तर काय पाळावं? (एक वाचक, ठाणे)

तैवानमधल्या ताइतुंगच्या फुगांग बंदरातून बोट मिळते, समुद्र खवळला की ती रद्द होते, तेव्हा परतीला दोन दिवस हाताशी ठेवा. किनाऱ्यावरच्या होडीला हात लावू नका, तिच्यात बसून फोटो तर नाहीच. उडत्या माशांच्या हंगामात गावच्या होड्या उतरतात त्या किनाऱ्यावर पोहू नका. जमिनीतल्या घरांत माणसं राहतात, तिथे गावातला वाटाड्या असल्याशिवाय डोकावू नका. आणि पानात वाळवलेला उडता मासा आला तर काटे सांभाळून खा, बारीक आणि पुष्कळ असतात.