तीन बोटं फिरवली, तरी काहीच होत नाही

प्रश्न : डेस्कटॉपला यूएसबी टचपॅड जोडलाय, उबंटू २२.०४ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम आहे. दोन बोटांनी पान सरकतं, तीन बोटांनी वर्कस्पेस (खिडक्यांचा वेगळा आभासी पडदा) मात्र बदलत नाही. टचपॅड बदलून आणू का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : इतक्यात दुकान गाठू नका. 'सेटिंग्ज'मध्ये 'अबाउट' उघडून विंडोइंग सिस्टीम (पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) बघा. तिथे 'एक्स११' असेल, तर दुखणं तेच. ग्नोमचे, म्हणजे उबंटूच्या डेस्कटॉपचे, तीन बोटांचे इशारे फक्त वेलँड या दुसऱ्या यंत्रणेवर चालतात. लॉग आउट करा, आपल्या नावावर क्लिक करा आणि पासवर्ड टाकण्याआधी खाली उजवीकडच्या गिअरच्या चिन्हातून 'उबंटू' निवडा. 'उबंटू ऑन झॉर्ग' नको, ते एक्स११च आहे. आता तीन बोटं आडवी सरकवली की वर्कस्पेस बदलेल, वर नेली की उघड्या खिडक्या दिसतील. कामासाठी एक्स११च लागत असेल, तर 'टचेग' हे बोटांचे इशारे ओळखणारं सॉफ्टवेअर बसवा.