एक पावसाळा काढा, मग घर सोडा

आम्ही दोघं सहा वर्षं १९९२ सालच्या मॅटाडोर व्हॅनमध्ये राहतो, हे या सदरात सांगितल्यापासून प्रश्नांची पिशवी भरत गेली आहे. त्यातले निम्मे प्रश्न पडदे, फेअरी लाइट्स आणि लाकडी फळ्यांच्या रंगाचे आहेत. त्यांना उत्तरं देणार नाही, कारण त्यात चुकलात तरी काही बिघडत नाही. ज्यात चुकल्यावर बिघडतं, तेवढेच प्रश्न निवडले आहेत.

आम्ही नवरा-बायको कासारवडवलीला भाड्याने राहतो. भाडं २४ हजार. जुनी व्हॅन घेऊन त्यातच राहायचा विचार आहे. ओम्नी घ्यावी की मॅटाडोर? दोन्ही बघून ठेवल्यात.
– एक जोडपं, घोडबंदर रोड

मारुतीची ओम्नी गाडी म्हणून गुणी आहे. १९८४ पासून २०१९ पर्यंत निघाली, त्यामुळे तिचा प्रत्येक स्पेअर कुठल्याही कोपऱ्यात मिळतो. पण तिची पूर्ण लांबी ३,३७० मिलिमीटर, म्हणजे अकरा फुटांच्या आसपास, आणि त्यात ड्रायव्हरची जागाही आलीच. तुमच्यापैकी एक जण जरी उंच असेल तर आयुष्यभर तिरकं झोपावं लागेल. शिवाय इंजिन पुढच्या सीटखाली. संध्याकाळी घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून दीड तास रखडत आलात की त्याच भट्टीशेजारी अंथरूण घालायचं. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या ओम्नीला आणखी एक त्रास आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप, गॅस्केट खातं. घ्यायचीच तर पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आधी बदला.

मॅटाडोर बजाज टेम्पोने १९६९ पासून काढली. आपल्याकडे हे नाव इतकं रुजलं, की अजूनही लोक कुठल्याही टेम्पोला ‘मॅटाडोर’ म्हणतात. तिची पुढची चाकं ओढतात, मागे शाफ्ट जात नाही. म्हणून आतली जमीन खाली आणि सपाट आहे, आणि राहायला हाच खरा फायदा. नंतरच्या गाड्यांमधलं मर्सिडीजच्या परवान्याचं डिझेल इंजिन त्याच कंपनीच्या ट्रॅक्स जीपच्या घराण्यातलं, त्यामुळे पिस्टन-रिंग मिळतात. मिळत नाहीत त्या काचा, दाराची कुलुपं आणि काचेभोवतीची बीडिंग. कुर्ल्याच्या भंगार बाजारात खेटे घालायची तयारी ठेवा. पुढच्या चाकांचे एक्सल जॉइंट पूर्ण स्टिअरिंग कापून हळू फिरवताना कटकट वाजले, तर किंमत पाडून मागा.

इंजिनाचं काम करता येतं, पत्र्याचं नाही. गाडी बघायला जाताना फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि एक पेचकस न्या. दाराखालच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, पायदान या जागांवर चुंबक फिरवा. जिथे धरत नाही तिथे पत्रा गेलाय आणि वर पुट्टी आहे. मग गाडीखाली सतरंजी टाकून झोपा आणि चेसीसला पेचकस टोचा. आत गेला तर चहाचे आभार मानून घरी या. ठाण्याची गाडी खाडीच्या हवेत मुरलेली असते. शक्य असेल तर घाटावरची, सोलापूर-नगरकडची बघा.

कागदही वाचा. बऱ्याच मॅटाडोर पिवळ्या पाटीच्या, म्हणजे व्यावसायिक नोंदणीच्या आहेत. त्यांना आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं. खासगी नोंदणी असेल तर १५ वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, सोबत पर्यावरण कर. आरसीवर लिहिलेली आसनसंख्या किंवा बॉडीचा प्रकार आरटीओच्या मंजुरीशिवाय बदललात, तर मोटार वाहन कायद्यात प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. म्हणून छत कापायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा. सुताराला नंतर बोलवा.

आणि कासारवडवलीचं घर इतक्यात सोडू नका. का, ते खाली पावसाच्या उत्तरात येतंय.

आमच्या सासऱ्यांची गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे. ‘विंटेज’ म्हणून नोंद करून तिच्यात राहता येईल का?
– एक वाचक, पाचपाखाडी

नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच. शिवाय मूळ रूप ठेवायचं म्हणजे आत ओटा आणि पलंग बसवायचा नाही. सासऱ्यांची गाडी तशीच जपा. राहायला दुसरी, कमी मानाची घ्या.

नवी मुंबईत रात्री गाडी कुठे उभी करता? पोलीस हटकत नाहीत का?
– दोघे, कोपरखैरणे

हटकतात, आणि हटकावंच. आमची पद्धत अशी: दारावर टकटक झाली की आधी आतला दिवा लावायचा, मग खिडकी उघडायची, आणि विचारायच्या आत आरसी, इन्शुरन्स, पीयूसी पुढे करायचं. मोबाइलमध्ये विवाह नोंदणीचा दाखला ठेवला आहे. तो दाखवावा लागू नये असं मलाही वाटतं, पण दोन वेळा लागलाय.

कायदा माहीत असू द्या. दहा तासांपेक्षा जास्त वेळ सार्वजनिक जागी बेवारस सोडलेली गाडी उचलायला पोलिसांना अधिकार आहे. त्यामुळे दोघंही कामाला गेलात आणि गाडी रस्त्यावरच राहिली, तर संध्याकाळी घरच जागेवर नसेल!

जागांबद्दल आमचा अनुभव. पाम बीच रोडला दिवसा खाडी छान दिसते, रात्री डास गाडी उचलून नेतील. वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजाराजवळ ट्रकवाल्यांच्या रांगेत कोणी काही विचारत नाही, पहाटे चारलाही चहा मिळतो. पण फळांच्या मोसमात झोप विसरा. महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीतले रस्ते रात्री मोकळे असतात, मात्र कंपन्यांचा वास मध्यरात्रीनंतर खाली उतरतो. मला सकाळी डोकं जड व्हायचं, आम्ही तिथे थांबणं बंद केलं. ठाण्यात येऊरला जायचं तर दिवसा जा आणि परत या. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तुमचं अंगण नाही.

शेवटी आम्हाला जे जमलं ते अगदी जुनं आहे. नवी मुंबईतल्या गावठाणांत अजून आगरी-कोळी घरांना अंगणं आहेत. अशाच एका घरी महिन्याच्या भाड्यावर गाडीची जागा, बाहेरचा नळ आणि संडास वापरायची मुभा मिळाली. त्या घरच्या काकूंनी पहिल्या दिवशी विचारलं, “घर हाय ना तुमचं? मग गारीत कशाला ऱ्हता?” याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही, पण रविवारी जवळा आणि तांदळाची भाकरी येते. गाडीत राहणारे लोक ‘स्वावलंबी जीवन’ असं काही लिहितात तेव्हा मला हसू येतं. आमचं पाणी काकूंचं, वीज निम्मी काकूंची, आणि गाव सोडून चार दिवस गेलो तर कुरिअर घ्यायलाही काकूच. जागा शोधताना आधी माणसं शोधा.

व्हॅनमध्ये पावसाळा कसा काढता? गळती, ओल, बुरशी?
– वाचक, कळवा, ऐरोली, नेरूळ (तीन प्रश्न एकत्र)

आपल्या ठाणे-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुस्तकांतल्या आणि व्हिडिओंतल्या बहुतेक व्हॅन कोरड्या हवेतल्या असतात. त्यांचं बघून काहीही करू नका.

पहिल्या पावसाळ्यात आमची गादी खालून काळी झाली. आम्हाला वाटलं छत गळतंय. एका गॅरेजवाल्याने हवेसाठी छताला भोक पाडून दिलं होतं, ते खरोखरच गळत होतं. ते बंद केलं तरी गादी ओलीच. मग समजलं की पाणी आमचंच आहे. दोन झोपलेल्या माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रीत अर्धा लिटरच्या आसपास वाफ हवेत जाते. बाहेर पावसाने पत्रा गार, आत ही दमट हवा; पत्र्याला घाम फुटतो आणि तो थेंब थेंब गादीखाली उतरतो. त्यात आत डाळ शिजवली, ओला टॉवेल टांगला, की झालंच.

उपाय दोन बाजूंनी करायचा. एक, पत्रा उघडा ठेवायचा नाही. त्यावर एसीच्या डक्टला लावतात ती काळी नायट्रिल रबराची शीट चिकटवा, कारण ती पाणी पीत नाही. ग्लासवूल अजिबात नको. एकदा भिजली की आतल्या आत पत्रा कुजवते आणि तुम्हाला दोन वर्षं पत्ता लागत नाही. दारांच्या तळाशी कंपनीने ठेवलेली पाणी जायची भोकं रबर लावताना बुजवू नका. आम्ही एक बुजवलं होतं, दार हलवलं की माठासारखं डुचमळायचं. दोन, हवा खेळती ठेवायची. पाऊस असला तरी समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या, वर पावसाची पट्टी, आणि छोटा पंखा आतली हवा बाहेर फेकणारा. पलंगाच्या फळ्यांमध्ये फटी ठेवा, गादी रोज सकाळी उभी करा. कपडे मात्र बाहेर धुवायला द्या. चार महिने तेवढा खर्च धराच.

भरतीच्या वेळी मुसळधार असेल तर सखल भाग सोडा. ठाण्यात वंदना टॉकीजच्या बाजूला पाणी साचतं हे ठाणेकरांना सांगायला नको, पण गाडीत झोपलेला माणूस पाणी चढताना जागा होतोच असं नाही. झाडाखालीही नको. उन्हाळ्यात जो पर्जन्यवृक्ष सावली देतो, तोच जुलैत फांदी टाकतो.

म्हणून सगळ्यांना एकच सांगणं आहे. गाडी घेतली की पहिले पंधरा दिवस डिसेंबरात राहून बघू नका. जुलैत राहा, आणि तोवर घराची किल्ली जवळ ठेवा. डिसेंबरात तर तंबूतही मजा येते.

गॅस ठेवणं धोक्याचं वाटतं. बॅटरीवर इंडक्शन चालेल का?
– एक गृहिणी, सानपाडा

गणित करा. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी सुमारे १,२८० वॉट-तास देते. १,८०० वॉटची शेगडी अर्धा तास चालली की ९०० गेले. उरल्यात दोन पंखे कसेबसे रात्र काढतील, फ्रिज नाही. छतावर २०० वॉटचं सोलार असेल तर उन्हाळ्यात दिवसाला सातशेच्या आसपास परत येतात, पावसाळ्यात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचीही खात्री नाही. काकूंच्या अंगणात प्लग असेल त्या दिवशी इंडक्शन, नाहीतर गॅस.

पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवर साचतो. वरची खिडकी उघडी ठेवून उपयोग नाही. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी, आणि तो कप्पा पलंगाखाली नको. नळी आयएसआयची, पाच वर्षांनी बदला. शिजवताना सरकतं दार उघडं. थंडीत दार लावून शेगडीवर हात शेकणं किंवा एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणं, यातून कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेतच जातात. बोंबील मात्र नेहमी बाहेर तळा. यामागे सुरक्षा वगैरे काही नाही, उशीला आठवडाभर वास राहतो एवढंच.

ह्यांना फार हौस आहे, मला भीती वाटते. भांडण झालं तर जाणार कुठे?
– एक वाचक, नेरूळ

ताई, हा या वेळचा सगळ्यात चांगला प्रश्न. रुसायला जागा लागते. बारा फुटांत ती मुद्दाम करावी लागते.

आमच्याकडे ड्रायव्हरच्या सीटमागे जाड पडदा आहे. पडदा ओढून पुढे जाऊन बसलं, की ती दुसरी खोली. पडदा दुसऱ्याने उघडायचा नाही. एका वेळी एकानेच हलायचं, दुसऱ्याने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. पहिले सहा महिने आमची निम्मी भांडणं फक्त कोपर लागण्यावरून झाली. शिवाय गाडीबाहेर प्रत्येकाची एक जागा हवी. माझी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आहे. १८९३ पासून लोक तिथे शांत बसताहेत, मीही बसते. ह्यांची मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर.

पण तुमच्या पत्रात ‘ह्यांना हौस’ आलंय आणि ‘मला हौस’ कुठेच नाही. एकाच्या हौशीवर हे चालत नाही. ह्यांना सांगा, जुलैत पंधरा दिवस गाडी भाड्याने घेऊन राहू, नंतर मी हो किंवा नाही सांगेन. ‘नाही’ म्हणालात तर त्यात भित्रेपणा काही नाही.

आम्ही ६३ आणि ६०. मला इन्शुलिन आहे. आमच्यासारख्यांनी हे करावं का?
– एक निवृत्त शिक्षक, खारघर

सर, वर्षभर नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जरूर करा. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणजे तुमच्या गाडीत फ्रिजची वीज पंख्याच्याही आधी धरा. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, तुमच्या औषधाची मुदत डॉक्टरांना विचारून घ्या. पण उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचं तापमान खोलीचं तापमान नसतं. पेन तिथे सोडून बाजारात जाऊ नका.

रात्रीसाठी पोर्टेबल टॉयलेट गाडीतच ठेवा, आणि ते सकाळी संडासातच रिकामं करायचं, गटारात नाही. सरकत्या दाराशी दोन्ही हातांना धरता येईल असा स्टीलचा दांडा बसवून घ्या. आणि पायरी. जुन्या गाडीची पायरी उंच असते, तिच्याखाली आणखी एक फळी जोडा, खरखरीत पट्टी मारलेली. आमचे हे वयाने तुमच्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, आणि घसरले ते तिथेच.