उन्हाळ्यात युरोपात कॅम्परव्हॅनने फिरायला जाताना कुत्र्याला बरोबर न्यावं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की भुसावळला राहता, लेक म्युनिकजवळ असते, मे अखेरीस तीन आठवडे जाऊन भाड्याच्या कॅम्परव्हॅनने ऑस्ट्रिया आणि उत्तर इटली फिरायचा बेत आहे, आणि सहा वर्षांच्या लॅब्राडोरला मागे सोडून जायला जीव होत नाही. हे तुम्ही मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात विचारताय. त्याला आजवर कातडीखालची ओळखीची चिप बसवलेली नाही हेही लिहिलंय. म्हणजे यंदापुरता प्रश्न मिटलाच. मे अखेरपर्यंत त्याचे कागद होऊच शकत नाहीत.

का, ते सांगतो. रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघाने सवलतीच्या देशांची यादी केली आहे आणि भारत त्या यादीबाहेर आहे. त्यामुळे इथून जाणाऱ्या कुत्र्याला आधी १५ अंकी मायक्रोचिप लागते. चिपनंतर रेबीजची लस. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचं. त्यात प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीचं) प्रमाण दर मिलीलीटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त यायला हवं. एवढ्यावर भागत नाही. रक्त काढल्या तारखेपासून पुरे तीन महिने थांबायचं, मग निघायचं. आता बोटं मोजा. मार्चच्या मध्याला लस, एप्रिलच्या मध्याला रक्त, म्हणजे जुलैचा मध्य आला. तोवर तुम्ही परत येऊन इकडे पावसाची वाट बघत बसलेले असाल.

‘लस तर दरवर्षी टोचतोच की’ असं म्हणाल. मीही म्हटलं होतं. चिप बसवण्याआधीची लस धरत नाहीत, कारण ती नेमकी याच कुत्र्याला टोचली याचा पुरावा काय? मी नोकरीनिमित्त तीन वर्षं श्टुटगार्टजवळ होतो. आमचा मोत्या म्हणजे चोपडा तालुक्यातला शुद्ध गावठी, बांधावर सापडलेला. त्याला घेऊन जायचं ठरलं तेव्हा तालुक्याच्या गावच्या डॉक्टरने आधी लस टोचली आणि आठ दिवसांनी चिप बसवली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे कागद तपासणाऱ्याने तारखा बघितल्या आणि सगळं पहिल्यापासून करायला लावलं. आम्ही दोघं पुढे गेलो, मोत्या पाच महिने आईजवळ राहिला. आई म्हणाली, ‘त्याले काय समजस जर्मनी नि शिरपूर? तुन्हा मांगे फिरस तो, बस्स.’ तेव्हा मला राग आला होता. आज तुम्हाला उत्तर लिहिताना तेच वाक्य आठवतंय.

कारण समजा तुमचे कागद वेळेत झाले असते, तरी तीन आठवड्यांसाठी मी ‘नको’ असंच म्हटलं असतं.

भुसावळहून मुंबई साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. लॅब्राडोर काही विमानात तुमच्या पायाशी बसणार नाही. तो पिंजऱ्यात, विमानाच्या पोटात जाणार. त्याआधी विमानतळावर कित्येक तास, मग आठ-नऊ तासांची झेप, उतरल्यावर पुन्हा तपासणी. हे सगळं ऐन मे महिन्यात. उन्हाळ्यात धावपट्टीवरच्या उष्णतेमुळे काही विमान कंपन्या जनावरं घेतच नाहीत. पग-बुलडॉगसारख्या बसक्या नाकाच्यांना तर अनेक ठिकाणी बारा महिने नकार. आणि हे एकदा नाही, २१ दिवसांत दोनदा. परतताना भारताच्या प्राणी क्वारंटाइन खात्याचं ना-हरकत पत्र आधी हातात हवं. त्या खात्याचं एक कार्यालय मुंबईला आहे, आणि कुत्रा परत आणताना वाटेल त्या विमानतळावर उतरवता येत नाही.

आता व्हॅनकडे येतो. माणसं इथेच फसतात, मीही फसलो. आपल्याला वाटतं, व्हॅन म्हणजे चाकांवरचं घर, घरात कुत्रा राहतोच की. पण पुढच्या केबिनचा एसी इंजिन चालू असेल तरच चालतो. मागच्या खोलीत एसी असलाच, तर तो बहुधा कॅम्पसाइटवर विजेची वायर जोडल्यावर. रस्त्याकडेला, गावाच्या पार्किंगमध्ये उभी केलेली व्हॅन म्हणजे उन्हात ठेवलेला पत्र्याचा डबा.

इथे आपला खान्देशी माणूस हसतो. ‘आमच्याकडे मे महिन्यात ४५ असतं, तिकडच्या २५-३० ने काय होणार?’ अहो, ४५ असतं तेव्हा तुमचा कुत्रा कुठे असतो? ओट्याच्या गार फरशीवर, कूलरपुढे, नाहीतर माठाखालच्या ओल्या जागेत. मोत्या मळ्यात असला की ठिबकच्या नळीखालची ओली माती उकरायचा आणि केळीच्या सावलीत तिच्यात पोट टेकवून दुपार काढायचा. आपली जागा तो आपण शोधतो. बंद गाडीत ती सोय नाही. बाहेर २४ अंश असताना बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत ३४ च्या घरात जातं आणि अर्ध्या तासात ४३ च्या. म्हणजे युरोपातल्या सुखद सकाळी आत जळगावची दुपार. माणसासारखा घाम कुत्र्याला येत नाही, जीभ काढून लहालहा करणं हाच त्याचा कूलर, आणि आतली हवाच तापली की तोही बंद पडतो. काच बोटभर खाली केल्याने फारसा फरक पडत नाही.

त्याचा अर्थ काय होतो, तर गाडीत त्याला एकटं ठेवायचं नाही. कधीच नाही, ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणूनही नाही. मग संग्रहालय, चर्च, मोठं दुकान, गर्दीचं हॉटेल, जिथे जिथे कुत्र्याला मज्जाव तिथे तुमच्यातला एक जण बाहेर. इटलीत व्हेरोनाला पहिल्या शतकातलं रोमन अँफिथिएटर, म्हणजे दगडी पायऱ्यांचं उघडं प्रेक्षागार आहे, अजूनही वापरात असलेलं. बायको आत गेली, मी समोरच्या बागेत मोत्याला घेऊन झाडाखाली. ती बाहेर आली, मग मी आत. एकाच दगडी पायऱ्यांवरचे आमचे वेगवेगळे फोटो आहेत, दोघांचा मिळून एकही नाही. तुमची मुलगी-जावई बरोबर असतील तर पाळ्या लावता येतील, पण रोज सकाळी ‘आज कोण थांबणार?’ हा विषय निघणारच. तिसऱ्या दिवसापासून त्याला धार येते, अनुभवाने सांगतो.

आम्ही जुलैमध्ये उत्तर इटलीतल्या गार्डा सरोवरावर गेलो होतो. निळंशार पाणी, पण उंची समुद्रसपाटीपासून अवघी ६५ मीटर, त्यामुळे दुपार चांगलीच तापायची. किनाऱ्याच्या बऱ्याच भागात उन्हाळ्यात कुत्र्यांना बंदी. मोत्या दिवसभर व्हॅनच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये, पाय पसरून. चार दिवस तो नीट जेवला नाही. त्यात तिकडे भूमध्य समुद्राच्या बाजूला वालुमाशी चावून कुत्र्यांना लीशमॅनियासिस नावाचा आजार होतो, म्हणून त्याच्या गळ्यात औषधी पट्टा आणि माझ्या डोक्याला ताप. पाचव्या दिवशी आम्ही बेत मोडला, व्हॅन उत्तरेला वळवली आणि दक्षिण तिरोलमध्ये तोरणमाळच्या उंचीच्या आसपासचं एक कॅम्पसाइट गाठलं. तिथे ओढा होता. मोत्या त्यात बसला तो बसलाच. पुढचे सहा दिवस मी एकही प्रेक्षणीय स्थळ पाहिलं नाही आणि ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली सुटी होती.

म्हणजे कुत्रा नेऊच नये असं माझं म्हणणं नाही. आमचं जमलं कारण मोत्या तेव्हा तिथलाच रहिवासी होता. तिथल्या पशुवैद्याने त्याला युरोपीय पासपोर्ट करून दिला होता, लस चालू होती, सीमा ओलांडताना कुणी अडवलं नाही. व्हॅन घराच्या दारातून निघाली, विमानाचा प्रश्नच नव्हता. लेकीकडे सहा-आठ महिने राहायला जाल तेव्हा न्या, अवश्य न्या. गेलात तर इटलीत दीड मीटरपेक्षा लांब पट्टा चालत नाही, आणि मळणीच्या बैलाला घालतो तसं मुसकं जवळ बाळगावं लागतं. जर्मनीत गाडीतला कुत्रा कायद्याने ‘माला’त मोजतात, त्याला बांधून नाहीतर पिंजऱ्यात बसवायचं. भाड्याच्या व्हॅनच्या करारात पाळीव प्राण्यांचं कलम आधी वाचा. काही जण साफ नाही म्हणतात, काही जण साफसफाईचे वेगळे पैसे घेतात, आणि लॅब्राडोरचे केस किती गळतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

तीन आठवड्यांसाठी मात्र त्याला इकडेच ठेवा. प्रश्न फक्त कुणाजवळ. माझ्या मते जागेपेक्षा माणूस बघा. मोठ्या शहरातल्या कुत्र्यांच्या वसतिगृहात, पिंजऱ्यांच्या रांगेत ठेवण्यापेक्षा तो ज्याच्या हातचं खातो अशा माणसाजवळ तो जास्त सुखात राहील. आमच्याकडे सालदाराचं घर मळ्यातच आहे, मोत्याचं त्याच्याशी माझ्याहून जास्त जमायचं. तुमच्याकडे तसं कुणी असेल तर एप्रिलमध्येच दोन रात्री तिथे ठेवून बघा. त्याचं अंथरूण, त्याची ताटली, नेहमीचं खाणं सोबत द्या. आणि उन्हाचं नीट समजावून सांगा. फिरवायचं ते उजाडायच्या आत आणि रात्री, दुपारी डांबरावर पाय ठेवू द्यायचा नाही. लॅब्राडोर अंगाने जड असतो, त्याला ऊन लवकर बाधतं. खूप लहालहा करायला लागला, लाळ चिकट झाली, झोकांड्या खाऊ लागला, तर आधी साध्या पाण्याने अंग भिजवून वारा घालायचा, मग डॉक्टरकडे पळायचं. डॉक्टरचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, मोबाइल ऐन वेळी चार्ज नसतो.

व्हिडिओ कॉल करू नका. मोत्या इथे असताना आईने एकदा फोन त्याच्या कानाशी धरला. माझा आवाज ऐकून तो कपाटामागे, पलंगाखाली, न्हाणीत, सगळीकडे मला शोधून आला आणि संध्याकाळपर्यंत दाराशी बसून राहिला. फोन करा, पण त्याची खबर माणसाला विचारा.

एक काम मात्र याच महिन्यात उरकून घ्या, पुढे कधी लांबच्या मुक्कामाला गेलात तर उपयोगी पडेल. चिप बसवली की डॉक्टरला तुमच्यासमोर यंत्र फिरवायला सांगा, त्यावर दिसणारे पंधराच्या पंधरा अंक कागदावरच्या अंकांशी स्वतः जुळवून बघा, आणि त्यानंतरच लस टोचू द्या.