1969 ची बॉनव्हिल, डावीकडचा ठोका आणि फसवा ऑइल प्रेशर

तुमची पोस्ट वाचली. आधी एकच सांगतो: ही गाडी आता नुसती आवाज ऐकायला म्हणूनसुद्धा सुरू करू नका. 1969 ची ट्रायम्फ बॉनव्हिल, आधीच्या मालकाकडून ‘फुल इंजिन काम झालेली’ म्हणून घेतलेली, क्रँक वीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) घासल्याची पावती सोबत, आणि साडेतीनशे मैलांच्या आत डावीकडून ठोका. हे सगळं मी भोगलेलं आहे आणि त्याचा शेवट वाईट झाला होता, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

इथे काहींनी कार्ब्युरेटर सिंक करा, टायमिंग थोडं मागे घ्या असं सुचवलंय. हेतू चांगला आहे, पण टायमिंग पुढे असलं की खडखड वर, हेडपाशी, लोड घेताना ऐकू येते. तुमचा ठोका खालून येतोय, इंजिन तापल्यावर वाढतोय, आणि डाव्या प्लगची वायर काढून अर्थ केली की दबतोय, असं तुम्हीच लिहिलंय. पिस्टन स्लॅप, म्हणजे सैल पिस्टन सिलिंडरवर आपटण्याचा आवाज, असता तर थंड इंजिनावर जास्त वाजला असता. म्हणजे हा बिग एंड, कनेक्टिंग रॉडचं क्रँकला धरणारं खालचं टोक आणि त्यातलं बेअरिंग, आहे, नाहीतर बिग एंडचं सोंग घेतलेला रोटर.

रोटर आधी बघा, कारण त्याला खर्च नाही. इंजिनाच्या डाव्या बाजूचं प्रायमरी कव्हर काढलं की अल्टरनेटरचा रोटर समोरच आहे. जुन्या रोटरमध्ये मधला स्टीलचा भाग बाहेरच्या ओतीव भागात सैल होतो. नट घट्ट, चावी जागेवर, वरवर सगळं ठीक, आणि तरी आवाज अगदी बिग एंडसारखा. रोटर काढून हातात घ्या, मधला भाग पकडा आणि बाहेरचा पिळून बघा. जरासाही खेळ जाणवला तर तो रोटर बाद. त्याच दिवशी खालची संपची जाळी काढून पांढऱ्या फडक्यावर झटका. चुंबकाला न चिकटणारी, चकाकणारी पापुद्री दिसली तर ती बेअरिंगच्या शेलची, म्हणजे बिग एंडमधल्या पातळ अर्धगोल पट्ट्यांचीच समजा.

आता गेजबद्दल. गरम इंजिनावर आयडलिंगला ऑइल प्रेशर 45 पौंड (दर चौरस इंचाला) दाखवतो म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. मला त्याच आकड्याची काळजी वाटते. या इंजिनाचा कारखान्याने दिलेला आकडा आयडलिंगला 20 ते 25 आणि चालताना 65 ते 80 असा आहे. इतकं जास्त प्रेशर म्हणजे फार जाड ऑइल, अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारा), किंवा पुढे कुठेतरी वाट बंद. तुमचा गेज टायमिंग कव्हरवरच्या ऑइल स्विचच्या भोकात बसवलाय, म्हणजे ऑइल क्रँकमध्ये शिरायच्या आधीचं प्रेशर तो दाखवतो. ऑइल उजवीकडून, टायमिंग कव्हरमधल्या सीलमधून क्रँकच्या टोकात शिरतं, तिथून क्रँकपिनच्या (रॉड बसतो त्या भागाच्या) पोटातल्या स्लज ट्रॅपच्या, म्हणजे गाळ धरणाऱ्या नळीतून जातं आणि मग दोन्ही बिग एंडना मिळतं. नळी गाळाने भरली की अलीकडे प्रेशर छान, पलीकडे ऑइलचा दुष्काळ, आणि सर्वात लांबचा डावा बिग एंड आधी मरतो. ऑइल प्रेशरचा इशारा देणारा दिवा तर याहून बिनकामाचा. तो दहाएक पौंडांच्या खाली गेल्यावरच पेटतो.

तुम्ही कोल्हापूरला बुलेट खोलत आलात, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगतो. बुलेटचा क्रँक तुकड्यांचा असतो. बिग एंड बदलायचा तर तो उघडावाच लागतो, आणि उघडला की आतली घाण समोर येतेच. ट्रायम्फचा क्रँक एकसंध, कनेक्टिंग रॉड दोन भागांचे, शेल बेअरिंगवाले. त्यामुळे पिन घासली, नवे शेल टाकले, रॉड आवळले की काम संपलं असं वाटतं. ट्रॅप न उघडता सगळं बांधून होतं आणि बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही. ट्रायम्फच्या मेरिडनमधल्या कारखान्याने या गाड्यांना कागदी फिल्टर दिलाच नव्हता, टाकीत आणि संपमध्ये फक्त जाळ्या. बारीक गाळ धरायचं काम या ट्रॅपचं. फिरत्या क्रँकमध्ये जड कण बाहेरच्या अंगाला फेकले जातात आणि तिथेच बसतात. पन्नासहून अधिक वर्षांत किती बसला असेल याचा अंदाज करा.

माझा क्रँक मी इथल्याच, इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका ग्राइंडिंगवाल्याकडे दिला होता. नाव लिहीत नाही, विचारूही नका. जॉबशीटवर मी स्पष्ट लिहून दिलं होतं: दोन्ही पिन घासणे, ट्रॅप काढून साफ करणे, बॅलन्स करणे. तिन्हींपुढे त्यांनी बरोबरची खूण केली, पैसे घेतले, आणि क्रँक तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, ‘बसवायला तयार’ अशी चिठ्ठी लावून परत दिला. पुढे मोटरवेवर डावा रॉड तुटला आणि क्रँककेस फोडून बाहेर आला. क्रँक बाहेर काढला तेव्हा ट्रॅपच्या प्लगवर, स्क्रूड्रायव्हरच्या खाचेच्या कडेला, कारखान्याने मारलेला सेंटर पंचचा खोलगट ठिपका जसाच्या तसा होता. खाचेच्या कडा कोऱ्या होत्या, त्यांवर हत्याराचा एक ओरखडा नाही. प्लग काढून नळी ओढली तर आत काळाकरडा, मेणासारखा घट्ट थर, आणि त्यावर चमचमणारी ग्राइंडिंगची बारीक पूड. म्हणजे साफ करणं राहिलंच, उलट घासताना उडालेली धूळ ऑइलच्या भोकांतून आत गेली आणि ती धुण्याचीही तसदी कुणी घेतली नव्हती.

त्यांच्याकडे गेलो तर उत्तर मिळालं की ट्रॅप उघडताना प्लग खराब होतो, म्हणून ते काम ते सहसा करत नाहीत. मग खूण कशाला केली? त्यावर काउंटरवरचा माणूस म्हणाला की इंजिन बांधणाऱ्याने तपासायला हवं होतं. पैसे परत मिळाले ते फक्त घासण्याचे. खरं नुकसान क्रँककेसचं झालं. तिच्या दोन्ही अर्ध्या भागांचं मशीनिंग जोडीने केलेलं असतं, आणि इंजिन नंबर डाव्या अर्ध्यावर, सिलिंडरच्या खाली ठोकलेला असतो. फुटला तो नेमका तोच अर्धा. चांगल्या वेल्डरने तो सांधून दिला, पण फ्रेमशी जुळणाऱ्या मूळ नंबराची गाडी होती ती, आणि आज नंबराशेजारीच वेल्डिंगची रेघ आहे. याचा राग अजून गेलेला नाही.

तुमच्या पावतीवर ‘ग्राइंड’ आणि ‘पॉलिश’ एवढंच असेल तर ट्रॅप उघडलेला नाही असंच धरा. क्रँककेसचे दोन भाग वेगळे करून प्लग बघा. पंचचा ठिपका अस्पर्श असेल तर वाद मिटला. मी व्यवसायाने मोटरसायकल मेकॅनिक नाही, त्यामुळे पुढचं माझ्या पद्धतीचं समजा. ठिपक्याच्या जागी छोट्या ड्रिलने बेताने खोलगट करायचं, म्हणजे प्लगची दबलेली कड सुटते. मग गरम करून, खाचेत नीट बसेल अशा बिटने इम्पॅक्ट ड्रायव्हर. नुसत्या स्क्रूड्रायव्हरने झटापट करू नका, खाच गेली तर प्लग ड्रिल करून काढावा लागेल. प्लग सुटला तरी नळी लगेच येत नाही, कारण क्रँकपिनच्या शेजारच्या फ्लायव्हील बोल्टचं टोक तिच्यात घुसून तिला धरून ठेवतं. तो बोल्ट आधी काढा आणि मग आकडीने नळी ओढा. परत बसवताना नळीचं भोक त्या बोल्टच्या समोर आलं पाहिजे. बोल्टला लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा आणि 33 फूट-पौंडांनी आवळा. प्लग नवा घ्या, ॲलन कीचा मिळतो, तो बसवून कडेला पंच मारून अडकवा. रॉडचे बोल्ट आणि नटही नवे.

पिन पुन्हा घासावी लागली तर दुकानदाराला दोन गोष्टी लेखी विचारा. ट्रॅप कोण काढणार, आणि पिनच्या कोपऱ्यातली गोलाई राखणार का. कोपरा काटकोनात घासला की तिथूनच तडा जातो. नळी काढल्याशिवाय क्रँक घासायला देऊच नका, माझं तर हे ठाम मत आहे. काढलेली नळी स्वतःकडे ठेवा.

पैसे वसूल करण्याबद्दल विचारलंय. मी वकील नाही. 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने द्यावी असं आहे, आणि इंग्लंडमध्ये 10,000 पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या कोर्ट प्रक्रियेत जातो. पण तो करार आधीच्या मालकाचा आणि त्या दुकानाचा होता, तुमचा नाही. त्यामुळे त्या पावतीच्या जोरावर तुम्हाला सरळ दुकानाच्या मागे लागता येईल असं मला वाटत नाही. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेला फोन करून खात्री करा. काहीही होवो, प्लगचा फोटो तो काढायच्या आधी घ्या, शेजारी क्रँकवरचा नंबर दिसेल असा.

ऑइलवर इथे नेहमी भांडणं होतात, तरी माझं मत सांगतो. ट्रॅप साफ झाल्यावर कुठलंही बरं 20डब्ल्यू-50 घाला आणि हजार मैलांनी बदला. ट्रॅपची खात्री नसलेल्या जुन्या इंजिनात मात्र भरपूर डिटर्जंटचं ऑइल मी घालणार नाही, बसलेला गाळ सुटून पुढे सरकतो. काहींना हे पटत नाही, पटू नये तर नको. कागदी फिल्टर बसवणार असाल तर परतीच्या पाइपावरच बसवा. पंपाकडे जाणाऱ्या पाइपावर अडथळा आणला की पुन्हा तीच उपासमार.

आणि खोलायच्या आधी पाने जमवा. 1969 च्या सुमारास आटे बदलत होते, एकाच इंजिनात जुने ब्रिटिश आणि नवे यूएनएफ (अमेरिकी मापाचे) दोन्ही आटे सापडतात. नट हाताने सहज फिरत नसेल तर पान्याने ढकलू नका, बोल्टचा आटा मोजा. रोटर आणि संपची जाळी उघडल्यावर काय दिसलं ते लिहा. तोवर क्रँककेसचे बोल्ट सैल करायची घाई नको.