बाबांना समुद्रावर न्यायचंय, त्यासाठी लोन काढू का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी आणि दुसऱ्यांदा बाबांच्या त्या एका वाक्यासाठी, "तुम्ही सगळे जाऊन या, मी घरीच बरा." मला विचाराल तर तुमचा हिशोब लोनपेक्षा या वाक्यापाशी जास्त अडलाय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंच्या बाबांना तीन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, आता बॅटरीच्या व्हीलचेअरवर असतात, धरलं तर मिनिटभर उभे राहू शकतात. घरातल्या सहा जणांना मिळून एका बेटावर सात रात्री राहायचंय, समुद्रात बाबांचे पाय भिजले पाहिजेत एवढीच ताईंची अट. एकूण खर्च १०० धरला तर ट्रिपसाठी वेगळे ठेवलेले ६० हातात आहेत, दर महिन्याला अजून ५ पडतात. उरलेले ४० कुठून आणायचे, तर पर्सनल लोन, नाहीतर इमर्जन्सी फंड मोडायचा, नाहीतर भाऊ म्हणतो तसं साधं हॉटेल घ्यायचं म्हणजे २५ वाचतात, "पायऱ्या असल्या तर असल्या, आपण उचलू बाबांना."

लोनचं पटकन उरकतो. वर्षाला १४ टक्के दर आणि दोन वर्षांचे हप्ते धरले तर ४० चे ४६ होतात, प्रोसेसिंग फी वेगळी. सहा म्हणजे फार नाहीत असं वाटेल, पण ट्रिपचे फोटो जुने झाले तरी हप्ता चालूच राहतो आणि त्या दोन वर्षांत बाबांच्या फिजिओचा किंवा औषधांचा खर्च वाढला तर आधीच एक हप्ता मानेवर असणार. नको. इमर्जन्सी फंडाला तर हातच लावू नका, एकदा झटका येऊन गेलेला माणूस ज्या घरात आहे त्या घराचा तो फंड ट्रिपला निघताना तर भरलेलाच हवा, बेटावरून रात्रीत मोठ्या हॉस्पिटलला हलवायची वेळ आली तर काय खर्च येतो याचा अंदाज तिथे पोचल्यावर घ्यायचा नसतो.

आता भावाचा मुद्दा. भाऊ प्रेमानेच बोलतोय, पण हे २५ वाचवणं मला सगळ्यात महाग वाटतं. साध्या फोल्डिंग बॅटरी-चेअरचंच वजन २०-२५ किलो, मोठ्या चेअर १०० किलोच्या पुढे जातात, वर माणूस. माझ्या सासऱ्यांना एका कार्यक्रमात आम्ही चौघांनी असंच उचललं होतं, मी पुढून फुटरेस्टला धरलं आणि पाचव्या पायरीवर फुटरेस्ट माझ्या हातात आलं, ते निघायसाठीच बनवलेलं असतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. पडले नाहीत, पण त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते आणि नंतर कुठल्याच कार्यक्रमाला ते आले नाहीत. तुमचे बाबा "घरीच बरा" म्हणतात ते समुद्र नको म्हणून नाही असं मला वाटतं, चारचौघांत उचलून घेणं नको म्हणून. साधं हॉटेल घेतलंत तर दुसऱ्या दिवसापासून बाबा रूममध्ये, त्यांच्यासोबत आळीपाळीने कोणीतरी एक, आणि सहा जणांचे पैसे भरून चौघांची ट्रिप.

म्हणून कापायचे तर दिवस कापा, सोय नको. तुमच्या हिशोबात प्रवास ४०, राहणं ४०, बाकी २० आहे. सातच्या जागी पाच रात्री केल्या तर राहणं साधारण २९ आणि बाकी १४, म्हणजे एकूण ८३. त्यात ७ मी परत घालतोय, बीच व्हीलचेअरचं भाडं, बाबांना नीट कव्हर करणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स आणि थोडी गंगाजळी, झाले ९०. हातात ६०, कमी पडतात ३०, महिन्याला ५ प्रमाणे सहा महिने. लोन नाही, फंड जसाच्या तसा. त्याहून जास्त मात्र लांबवू नका, कारण बाबा आज धरून मिनिटभर उभे राहतात म्हणून बेडवरून चेअरवर, चेअरवरून बीच चेअरवर बदली दोघांत होते. ते थांबलं तर हॉइस्ट, म्हणजे माणसाला उचलून बदली करणारं यंत्र, असलेली रूम शोधावी लागते, ती फार थोड्या ठिकाणी मिळते.

हे सहा महिने नुसते वाट बघण्यात घालवू नका. हॉटेलला "व्हीलचेअर चालेल का" असं विचारलंत तर सगळे हो म्हणतात. बाथरूमच्या दारावर मेजरिंग टेप धरून काढलेला फोटो मागा, दार पूर्ण उघडून, कारण चौकट ८० सेंटीमीटर असली तरी दाराची जाडी आणि बिजागरी मिळून चार-पाच सेंटीमीटर खातात. शॉवरला उंबरा आहे का, बेडच्या बाजूला चेअर वळवायला दीड मीटर मोकळी जागा आहे का, हेही फोटोतच बघायचं. रॅम्प आहे म्हणाले तर लांबी विचारा. १ ला १२ हा नेहमीचा उतार, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला १८० सेंटीमीटर रॅम्प लागतो, त्याजागी फळी टाकलेली असेल तर तो रॅम्प नाही, घसरगुंडी आहे.

बेट म्हटलं की बोट आली, आणि हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. धक्का जागच्या जागी असतो, बोट भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते, त्यामुळे सकाळी सपाट असलेली फळी दुपारी अंगावर येईल इतकी उभी होऊ शकते. तरंगता धक्का आहे का विचारा, नसेल तर भरतीची वेळ बघून बोट धरा. आणि बोट किनाऱ्यापासून लांब थांबून छोट्या होडीने नेणार असतील तर ते बेट यादीतून काढूनच टाका. पूल असलेलं बेट मिळालं तर सोन्याहून पिवळं.

बीच व्हीलचेअर म्हणजे फुग्यासारख्या जाड टायरची, वाळूत रुतत नाही, काही पाण्यात तरंगतातही, पण बहुतेक चेअर मागून कोणीतरी ढकलावी लागते. किनाऱ्यावर अशा एक-दोनच असतात, म्हणून रूमच्या आधी तिचं बुकिंग लिहून घ्या. वाळूवर मॅट टाकलेली असेल तर ती पाण्यापर्यंत जाते की अर्ध्यात संपते तेही विचारा, ओहोटीला पाणी लांब जातं.

विमानाच्या बाबतीत पैशांचा एक मुद्दा आहे. चेअर चेक-इनमध्ये जाते, आणि मॉन्ट्रियल कन्व्हेन्शन (एअरलाइनच्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान हरवलं, मोडलं किंवा उशिरा पोचलं तर भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण दोन हजार अमेरिकन डॉलर. चांगली बॅटरी-चेअर त्याच्या कितीतरी वर जाते. काही देशांचे नियम चेअरसाठी याहून बरे आहेत, पण त्यावर विसंबू नका. चेक-इनलाच "स्पेशल डिक्लरेशन" करून चेअरची खरी किंमत नोंदवा, एअरलाइन त्यासाठी जादा पैसे मागू शकते, मागितले तर भरा. मोडतोड दिसली तर विमानतळ सोडायच्या आधी लेखी द्या, सात दिवसांची मुदत असते. एअरलाइनला ४८ तास आधी कळवा, बॅटरीचा प्रकार आणि वॉट-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचा आकडा) सांगून. लिथियमची स्पेअर बॅटरी ३०० वॉट-अवरपर्यंतची एक किंवा १६० पर्यंतच्या दोन, त्यासुद्धा केबिन बॅगेतच.

माझ्यातला हिशोबनीस म्हणतो बॅटरी-चेअर घरी ठेवा आणि साधी फोल्डिंग न्या, वाळूत बॅटरी-चेअरचा उपयोग नाही आणि खारं पाणी मोटर खातं. पण त्याच चेअरवर बाबा डाव्या हाताने जॉयस्टिक धरून पहाटे कोणालाही न उठवता बाहेर जाऊन बसू शकतील, ते साध्या चेअरवर होणार नाही. हे त्यांनाच विचारा, तुम्ही दोघं भावंडांनी ठरवू नका.

बुकिंग दोन पैसे जास्त गेले तरी रद्द करता येणारंच घ्या. इन्शुरन्स घेताना झटक्याची पूर्ण हिस्टरी लिहा, लपवलीत तर क्लेम गेला समजा, आणि चेअरसाठी आतमध्ये वेगळी छोटी मर्यादा दिलीय का ते वाचा.

आज रात्री फक्त एवढं करा, बाबांच्या चेअरची रुंदी मोजा, चाकाच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत, वर बोटांसाठी थोडं जास्त धरा. तो आकडा हॉटेलला पाठवा, टेपवाला फोटो आला की ॲडव्हान्स भरायच्या आधी मला दाखवा.