मन खट्टू झालं की हात आपोआप मोबाईलकडे जातो. त्याने खरंच बरं वाटतं का?

हो, वाटतं, पण बहुतेकदा तेवढ्यापुरतंच, कारण मोबाईल भावना मिटवत नाही, लक्ष दुसरीकडे वळवतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी 1998 मध्ये भावना सावरण्याचे पाच टप्पे मांडले: प्रसंग निवडणं, तो बदलणं, लक्ष वळवणं, घटनेकडे वेगळ्या नजरेने पाहणं आणि उमटलेली प्रतिक्रिया आवरणं. रील्स बघत बसणं यातल्या तिसऱ्यात मोडतं. साहेबांचा तिरकस मेसेज वाचून लगेच विनोदी व्हिडिओ लावला, तर दहा मिनिटं राग विसरायला होतो. व्हिडिओ संपला की तो मेसेज तिथेच असतो. तोच मेसेज मैत्रिणीला फोन करून वाचून दाखवला आणि ती म्हणाली, "अगं, तो सगळ्यांनाच असं लिहितो," तर चौथा टप्पा घडला. हा परिणाम सहसा जास्त टिकतो. ग्रुप म्यूट करणं हाही भावना सावरण्याचाच प्रकार आहे, फक्त आपण त्याला तसं म्हणत नाही.

त्यामुळे मोबाईल किती वेळ पाहिला यापेक्षा त्यावर काय केलं हे बघा:
- गाणी: कंटाळा किंवा ताण असेल तर बरी. उदास असताना उदास गाणी काहींना हलकं करतात, तर काहींना आणखी खोल नेतात.
- इतरांचे फोटो नुसते चाळणं: तुलना सुरू होते, म्हणून हा उपाय सगळ्यात बेभरवशाचा.

मात्र लक्ष वळवणं वाईटच असं नाही. राग डोक्यात गेलेला असताना उत्तर टाईप करण्यापेक्षा दहा मिनिटं व्हिडिओ बघितलेला बरा.