रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मुलगा नाटक करतोय असं नाही

स्किझोफ्रेनियावर, म्हणजे भास आणि खोटे संशय येणाऱ्या मानसिक आजारावर, आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं या वेळी घेतली आहेत. नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा. आठ महिने खोलीबाहेर येत नाही, शेजारी आपल्याबद्दल बोलतात म्हणतो. केळीचे पैसे आल्यावर जळगावला एमआरआय काढला, तो नॉर्मल आला. भाऊबंद म्हणतात, नाटकं करतो. आजार आहे की नाही? (वडील, यावल तालुका)

दादा, कोणी आठ महिने नाटक करत नाही. तुम्ही लिहिलेली लक्षणं आजाराचीच वाटतात, आणि नॉर्मल रिपोर्टने ती खोटी ठरत नाहीत.

परवा एका आईने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेली अशीच फिल्म माझ्यासमोर ठेवली. मी ती खिडकीच्या उजेडात धरली. मेंदूच्या मधोमध फुलपाखराच्या पंखांसारख्या दोन काळ्या जागा दिसतात. या पाण्याने भरलेल्या पोकळ्या तुमच्या-माझ्या डोक्यातही असतात. लंडनच्या नॉर्थविक पार्कमध्ये ईव्ह जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली, तेव्हा नव्याच असलेल्या सीटी स्कॅनवर, जुन्या रुग्णांच्या या पोकळ्या मोठ्या असल्याचं दाखवलं. पुढे एमआरआयने आणखी दिसलं : आठवणींशी जोडलेला हिप्पोकॅम्पस थोडा लहान, कपाळामागचा आणि कानांजवळचा करडा थर थोडा पातळ. म्हणजे आजाराची खूण मेंदूत आहे.

पण हा फरक सरासरीचा आहे. दोन वावरांतल्या कपाशीची सरासरी उंची वेगळी असते, तरी एकच झाड उपटून आणलं तर ते कुठल्या वावरातलं, हे सांगता येत नाही. तसंच एकट्या फिल्मवरून स्किझोफ्रेनिया ठरत नाही. एखाद्या रुग्णाच्या पोकळ्या माझ्यापेक्षाही लहान असू शकतात. एमआरआय काढतात तो गाठ, फीतकृमीच्या अळ्या, जुना मार असं दुसरं काही नाही ना, हे बघायला. तुमच्या रिपोर्टमधल्या ‘नॉर्मल’चा अर्थ तेवढाच. निदान होतं ते त्याच्याशी बोलून आणि तुमच्याकडून नीट ऐकून. उपचार लांबले की आजार आटोक्यात आणणं जड जातं, आणि आठ महिने आधीच गेलेत. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. पुन्हा स्कॅनवर पैसे घालू नका.

प्रश्न : आम्ही जुळे, हुबेहूब सारखे. भावाला हा आजार झाला. मलाही होणार का? (चोपडा)

होणारच असं नाही. एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला तरी निम्म्याहून जास्त वेळा दुसरा सुटतो. धोका इतरांपेक्षा जास्त आहे, हे मात्र खरं. १९९० साली अमेरिकेत अशा १५ जोड्यांचे एमआरआय शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा १२ जोड्यांत आजारी भाऊ किंवा बहीण नुसत्या नजरेने ओळखता आली, कारण पोकळ्या मोठ्या. वारसा एकच, तरी मेंदू वेगळे. म्हणजे सगळं रक्तातच लिहिलेलं नसतं. तुमच्या हातात असलेली गोष्ट एकच, गांजाला हात लावू नका. आणि झोप उडाली, विनाकारण संशय येऊ लागला, तर लगेच दाखवा.

प्रश्न : गोळ्यांनी मेंदू सुकतो असं मोबाइलवर वाचलं. जाऊबाईंच्या गोळ्या बंद करू का? (धुळे)

बंद करू नका. तुम्ही वाचलेल्यात थोडं तथ्य आहे. आयोवा विद्यापीठाने २११ रुग्णांचे वर्षानुवर्षं स्कॅन घेऊन २०११ साली सांगितलं की, जास्त औषध घेणाऱ्यांत मेंदूचा आकार किंचित जास्त घटलेला दिसला. पण एकही गोळी न घेतलेल्या नव्या रुग्णांतही फरक असतोच. आणि २०१२ साली या औषधांच्या ६५ चाचण्या एकत्र मांडल्या तेव्हा, वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण गोळ्या चालू असणाऱ्यांत २७ टक्के होतं, बंद केलेल्यांत ६४. आजार उलटला की दर वेळी माणूस आणखी खचतो, हे मी रोज बघतो. डोस कमी करता येईल का, ते डॉक्टरांना जरूर विचारा. मनाने काही करू नका.

प्रश्न : पोर आजारी पडलं त्या साली आमच्याकडून कानबाईच्या रोटांत (खानदेशातल्या या देवीच्या श्रावणातल्या नैवेद्यात) खंड पडला. भगत म्हणतो, त्याचाच कोप पोरावर आला. (आई, अमळनेर तालुका)

नाही, माय. हे तुमच्या हातून घडलेलं नाही.

आपल्याकडे केळीच्या बुडाशी आलेली पिलं काढतात. जास्तीची काढली तर झाड जोमात येतं, पण एकही ठेवलं नाही तर पिलबाग, म्हणजे पिलांवरचं पुढचं पीक, धरता येत नाही. वयात येताना मेंदूही पेशींमधले नको असलेले जोड असेच छाटतो. या आजारात ती छाटणी गरजेपेक्षा जास्त होत असावी, असं आज बरेच संशोधक मानतात. त्या छाटणीत भाग घेणाऱ्या सीफोर नावाच्या जनुकाचा धागा २०१६ साली सापडला. हे सगळं मुलाला आवाज ऐकू यायच्या कितीतरी आधी, कोणाला न दिसता चालू झालेलं असतं. त्यात रोट नाहीत, नजर नाही, आणि तुमचं चुकलेलं काही नाही.

श्रावणात कानबाई बसवाच. पोराला पंगतीत शेजारी घ्या. मात्र भगताकडे धूर, चटके, साखळी यांतलं काहीही होऊ देऊ नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. तोवर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. गोळ्या सुरू झाल्या की रोटांच्या रात्रीचीही चुकवू नका.